टाकीतलं मृग नक्षत्र

मृगाचा पहिला सडाका बसला की रायगड-रत्नागिरीच्या गावांतून माणसं बॅटऱ्या, पाग आणि टोपल्या घेऊन रात्रीची ओढ्यावर उतरतात. वळगण लागलेली असते. उन्हाळाभर डोहांत दबून राहिलेले मासे गढूळ पाण्याच्या धारेला तोंड देत वर चढतात, भातखाचरांच्या बांधांपर्यंत येतात आणि वीतभर पाण्यात अंडी सोडतात. कुणी त्यांना वळगणीचे मासे म्हणतं, कुणी चढणीचे. हाती लागलेल्या मादीचं पोट गाभोळीनं टच्च भरलेलं असतं. ज्यानं ती गाभोळी एकदा खाल्ली आहे त्याला त्या दिवसांत दुसरं काही सुचत नाही. अंडी घालायला निघालेले मासे मारू नका, अशी विनवणी करणारी माणसंही आता कोकणात दिसू लागली आहेत, आणि त्यांचं ऐकलं जावं असं मला मनापासून वाटतं.

पण मला सगळ्यात जास्त कुतूहल आहे ते त्या निघण्याच्या घडीचं. कालपर्यंत मासा डोहात गप्प होता, आज तो निघाला. मधल्या एका रात्रीत त्याला काय कळलं?

हाच प्रश्न शहरातल्या फ्लॅटमध्ये काचेच्या टाकीसमोर बसलेल्या काही माणसांना वर्षभर छळत असतो. शोभेसाठी मासे पाळणारे पुष्कळ आहेत. दोन फुटांची टाकी, खाली रंगीत खडी, एक एअर पंप, कोपऱ्यात बुडबुडे सोडणारा खजिन्याचा पेटारा, आणि दुकानदार देईल ते मासे. त्यांतले थोडे पुढे जातात. मासा जगवून त्यांचं समाधान होत नाही, त्यांना पिल्लं काढायची असतात. जगवण्यासाठी माशाची भूक आणि टाकीची स्वच्छता कळली तरी भागतं. वीण घ्यायची तर तो मासा मुळात कुठल्या पाण्यातला, तिथे पाऊस कधी येतो, आला की पाण्याचं काय होतं, हे सगळं शिकावं लागतं. घरात आणलेल्या माशाची नदी घरात आणावी लागते, आणि या छंदातली खरी विद्या तीच आहे, असं माझं मत या लेखाच्या निमित्तानं माणसांना भेटताना पक्कं झालं.

मत्स्यशेतीपुढेही हाच प्रश्न होता. तळ्यात रोहू, कटला, मृगल वर्षानुवर्षं सुखानं वाढतात. पण साचलेल्या पाण्यात ते अंडी घालत नाहीत. त्यामुळे एकेकाळी पूर आलेल्या नद्यांतून जाळी लावून मत्स्यबीज गोळा करणं एवढाच मार्ग होता. त्यात कुठल्या माशाचं बी हाती येईल याची शाश्वती नसे. या अडचणीतून वाट काढली हिरालाल चौधुरी यांनी. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून कार्प माशांना अंडी घालायला लावली. देशातला आजचा गोड्या पाण्यातला मत्स्यव्यवसाय त्या प्रयोगावर उभा आहे, आणि म्हणूनच १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. मासा दिवसाची लांबी, पाण्याचा गारवा, त्यातला क्षारांचा उतार, प्रवाहाची ओढ हे सगळं शरीरानं वाचतो. तो मजकूर मेंदूत जमा होतो, मेंदू पीयूषिकेला सांगतो, पीयूषिका रक्तात संप्रेरक सोडते आणि पोटातली अंडी पक्व होऊन सुटतात. चौधुरींच्या सुईनं या साखळीतला पहिला दुवा, म्हणजे पाऊसच, वगळून दाखवला. मोठ्या मत्स्यबीज केंद्रांवर आजही संप्रेरक टोचण्याचीच रीत आहे. घरी पिल्लं काढणाऱ्याकडे मात्र सुई नसते. त्याला पाऊसच पाडावा लागतो.

डोंबिवलीत रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ असा पाऊस पाडतात. नाव छापू नका म्हणाले, म्हणून आपण त्यांना काका म्हणू. बंद केलेल्या बाल्कनीत लोखंडी मांडणी आहे, तिच्यावर तीन मजल्यांत टाक्या. एकीतही रंगीत खडी नाही. तळ उघडा, कोपऱ्यात स्पंज फिल्टर, कुठे मातीची कुंडी आडवी टाकलेली, कुठे अंडी अडकायला हिरव्या लोकरीचा झुबका. दिवाणखान्यातल्या टाकीची सवय असलेल्या डोळ्यांना हे सगळं फार भकास दिसतं. काका म्हणाले, "इथं मासा बघायला येऊ नका, अंडी बघायला या."

त्या दिवशी पाळी होती कोरीडोरसची. मूळचा दक्षिण अमेरिकेतला, ओठांवर छोट्या मिशा असलेला, तळाशी वाळू हुंगत फिरणारा हा बोटाएवढा मासा. त्याच्या नद्यांतही आपल्यासारखाच कोरडा आणि ओला हंगाम असतो. काकांनी आधी टाकीतला उन्हाळा केला होता. पाणी बदललं नाही, पातळी हळूहळू उतरू दिली, पाणी जरा कोमट ठेवलं आणि खायला मात्र भरपूर जिवंत अळ्या घातल्या. माद्या वरून पाहिल्या तर कुशीत फुगलेल्या दिसत होत्या. मग बाहेर आभाळ भरून आलेल्या एका संध्याकाळी त्यांनी आरओचं पाणी काढलं. काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "फ्रिजमधल्या बाटल्यांना हात लावू नका हं, त्या पाहुण्यांसाठी आहेत." काका हसले आणि त्याच बाटल्या घेऊन आले. गार पाणी साध्या पाण्यात मिसळून तापमान चार-पाच अंशांनी उतरवलं, छिद्रं पाडलेल्या डब्यातून ते टाकीवर धरलं. पृष्ठभागावर खरोखर पाऊस पडू लागला. "वादळी हवा असली की लवकर लागतात," ते म्हणाले. हवेचा दाब उतरल्याचं या माशांना कळतं, असं पिल्लं काढणारे बहुतेक जण सांगतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बोलावून घेतलं. नर मादीच्या पाठीवरून, डोक्यावरून मिशा फिरवत होते. मग एक नर आडवा झाला आणि मादीनं आपलं तोंड त्याच्या पोटाशी लावलं. दोघं मिळून इंग्रजी टी अक्षरासारखी आकृती झाली. काही क्षण दोघंही स्थिर. हे वर्षानुवर्षं पाहूनही नक्की काय घडतं ते कुणाला कळत नव्हतं. १९९५ साली जपानी संशोधकांनी निळ्या रंगाचा आधार घेऊन दाखवून दिलं की मादी नराचं वीर्य चक्क पिते, ते तिच्या आतड्यातून वेगानं बाहेर पडतं आणि तिनं पोटाखालच्या परांची ओंजळ करून धरलेल्या अंड्यांपर्यंत पोचतं. आमच्यासमोर ती मादी सुटली, ओंजळीत दोन-तीन फिकट मोती घेऊन काचेवर वर-खाली फिरली, तोंडानं एक जागा साफ केली, पोट टेकलं आणि अंडी चिकटवून निघून गेली. काकांनी अंडी बोटाच्या पेरानं हलकेच लोळवून काचेवरून सोडवली. कोरीडोरसची अंडी एवढी चिवट असतात की हे जमतं, बाकी बहुतेक माशांच्या अंड्यांना हात लावायची सोय नाही. ती एका प्लॅस्टिकच्या डब्यात गेली, त्यात एक एअरस्टोन आणि बदामाचं वाळलेलं पान. अंडी टाकीतच राहिली असती तर संध्याकाळपर्यंत आईबापांनीच फस्त केली असती.

बदामाचं पान म्हणजे आपल्या रस्त्याकडेला, शाळांच्या आवारात छत्रीसारखं पसरलेलं झाड असतं त्याचं, सुक्या मेव्यातल्या बदामाचं नव्हे. थंडीच्या अखेरीस ते लालभडक होऊन गळतं. ती पानं धुऊन, वाळवून टाकीत सोडली की पाणी चहाच्या रंगाचं होतं. त्यातली टॅनिनं पाणी किंचित आम्ल करतात आणि अंड्यांवर धरणाऱ्या बुरशीला थोडा आवर घालतात. ॲमेझॉनच्या जंगलातल्या काळ्या पाण्याच्या नद्या अशाच कुजलेल्या पानांनी रंगलेल्या असतात. झाडणाऱ्याच्या ढिगातून फुकट मिळणारी ही वस्तू परदेशांत पाकिटांत भरून विकली जाते.

पाण्याबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण बहुतेकांची वीण इथेच फसते. मुंबईचं पाणी तानसा, वैतरणा, भातसा या तलावांतून येतं. सह्याद्रीच्या पायथ्याशी साठलेलं ते पावसाचं पाणी, त्यामुळे मऊ. याच्या उलट दख्खनच्या काळ्या कातळात खोल गेलेल्या बोअरवेलचं पाणी कॅल्शियम-मॅग्नेशियम घेऊन येतं, बादलीला पांढरा थर धरतं, त्यात साबणाला फेस येत नाही. एकाच दुकानातून नेलेला मासा दादरला अंडी घालतो आणि सोलापूरला बोअरच्या पाण्यात घालत नाही, याचं कारण पुष्कळदा एवढंच असतं. निऑन टेट्राचं उदाहरण घ्या. ॲमेझॉनच्या वरच्या खोऱ्यातला हा मासा १९३६ साली शास्त्राच्या वहीत नोंदला गेला आणि काही वर्षांतच जगभरच्या टाक्यांत पोचला. तो कठीण पाण्यात जगतो, रंग दाखवतो, वर्षानुवर्षं राहतो. पण त्याची अंडी त्या पाण्यात फलित होत नाहीत, झाली तरी टिकत नाहीत. शिवाय ती उजेडालाही भितात, म्हणून टाकीला काळा कागद लावावा लागतो. उलट गप्पी, मॉली आणि आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले सिक्लिड यांना कठीण पाणीच मानवतं. त्या सिक्लिडांची मादी अंडी तोंडात धरून सुमारे तीन आठवडे न खाता फिरते. पिल्लं पोहू लागली तरी धोका दिसताच पुन्हा तिच्या जबड्यात शिरतात. मराठवाड्यात बोअरच्या पाण्यावर टाकी चालवणाऱ्यानं निऑनच्या मागे लागून निराश होण्यापेक्षा हे मासे घ्यावेत. आपल्या नळाला काय येतं ते आधी मोजावं, मग मासा निवडावा. दुकानात क्रम नेमका उलटा होतो.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन रात्रभर उघडं ठेवून किंवा सोडियम थायोसल्फेटचे खडे घालून घालवता येतं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. नव्या टाकीत मासे का मरतात हे मात्र पुष्कळांना शेवटपर्यंत कळत नाही. माशाच्या कल्ल्यांतून अमोनिया बाहेर पडतो. एका जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे नायट्रेट. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वस्ती करायला काही आठवडे घेतात. तोवर पाणी कितीही नितळ दिसो, ते विषारीच असतं. पिल्लांच्या टाकीत तर हे दुप्पट जाणवतं, कारण पिल्लांना दिवसातून चार-पाच वेळा खायला घालावं लागतं. म्हणून जाणकार माणूस नवा स्पंज आधी जुन्या टाकीत ठेवतो, मुरवतो आणि मगच पिल्लांकडे नेतो.

ज्याला सुरुवात करायची आहे त्याच्यापुढे पहिलं नाव येतं ते गप्पीचं. महाराष्ट्रात हा मासा ज्यांनी टाकी कधी पाहिली नाही त्यांनाही माहीत आहे, कारण हिवतापाच्या मोहिमेत आरोग्य खात्याचे लोक विहिरींत, हौदांत गप्पी सोडत आले आहेत. मूळचा त्रिनिदाद आणि दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य टोकाचा हा मासा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतात डासांच्या अळ्या खाण्यासाठी आणला गेला. गप्पी अंडी घालत नाही, पिल्लंच देते. चार आठवड्यांच्या आसपास दिवस भरतात, शेपटीजवळचा काळा ठिपका मोठा आणि गडद होतो, मग एका रात्रीत काही पिल्लांपासून काही डझनांपर्यंत. नराचं वीर्य मादी महिनोन्‌महिने साठवून ठेवते, त्यामुळे एकटी आणलेली मादीही पुन्हा पुन्हा विते आणि घरातली मुलं चक्रावून जातात. एवढ्या सोप्या विणीमुळे गप्पीला हलकं समजण्याची चूक होते. उत्क्रांती डोळ्यांसमोर कशी घडते हे जॉन एंडलर यांनी त्रिनिदादच्या ओढ्यांत याच माशावर दाखवलं. जिथे शिकारी मासे होते तिथले नर फिके, जिथे नव्हते तिथले नर रंगीबेरंगी, आणि जागा बदलल्या की काही पिढ्यांत रंगही बदलले. टाकीत शिकारी नसतो. तिथे कुठला नर बाप होणार हे माणूस ठरवतो. आजचे पंख्यासारख्या शेपटीचे, नागाच्या कातडीसारख्या नक्षीचे गप्पी अशा निवडीतून आले आहेत.

माझ्या मते मात्र नवख्यानं झेब्रा दानिओपासून सुरुवात करावी. अंगावर निळे-रुपेरी पट्टे असलेला हा दीड इंचाचा मासा आपला आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी १८२२ साली गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात त्याचं पहिलं वर्णन केलं. पुढे अमेरिकेत ओरेगॉन विद्यापीठात जॉर्ज स्ट्रायसिंगर यांनी त्याच्यावर काम सुरू केलं, १९८१ साली त्यांचा शोधनिबंध 'नेचर'मध्ये आला आणि हा भारतीय ओढ्यातला मासा जगभरच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत जाऊन बसला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतही त्याच्यावर काम चालतं. त्याची वीण घ्यायला लागतात त्या गोट्या. मुलांच्या काचेच्या गोट्या. तळाशी त्यांचे दोन थर पसरायचे, वर वीतभर पाणी, संध्याकाळी एक मादी आणि दोन नर सोडायचे, खोली अंधारी करायची. सकाळी उजेड झाला की नर मादीच्या मागे लागतात. अंडी चिकट नसतात, गोट्यांच्या फटींतून खाली पडतात आणि खादाड आईबापांचं तोंड तिथवर पोचत नाही. मोठे मासे काढून घेतले की झालं.

त्यांतली काही अंडी बशीत घेऊन साध्या भिंगाखाली बघावीत. कवच आरपार दिसतं. पहिल्या तासात एका पेशीच्या दोन, दोनांच्या चार होताना दिसतात, घड्याळ लावून बसलं तरी कंटाळा येत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी आत एक वळलेलं शरीर असतं, डोळ्यांच्या जागी दोन टिंबं, आणि छातीशी काहीतरी फडफडत असतं. ते हृदय. अठ्ठावीस अंशांच्या आसपास पाणी असेल तर एका दिवसात ते धडधडू लागतं, आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू बाहेर येतं. शाळेतल्या मुलांना हे एकदा तरी दाखवावं. पाठ्यपुस्तकातली कुठलीही आकृती याची बरोबरी करू शकत नाही.

अंडी घालण्याच्या आणि सांभाळण्याच्या तऱ्हा माशागणिक बदलतात. फायटरचा नर तोंडातल्या चिकट स्रावाचे बुडबुडे जोडून पाण्यावर घरटं करतो, मादीला विळखा घालतो, खाली पडणारी अंडी तोंडात झेलून बुडबुड्यांत ठेवतो आणि मग मादीला हाकलून देतो. तिला वेळेत काढलं नाही तर तो तिचे पर फाडतो. त्याचाच नातलग असलेला पॅराडाइज मासा १८६९ साली पॅरिसमध्ये पियेर कार्बोनिए यांनी वाढवला, आणि युरोपातल्या टाक्यांत उष्ण प्रदेशातल्या माशांची वीण तिथून सुरू झाली. डिस्कसची पिल्लं आईबापांच्या अंगावर स्रवणारा चिकट पदार्थ खाऊन वाढतात. म्हणून अंडी वेगळी काढून डिस्कस वाढवणं फार अवघड जातं.

एंजलची गोष्ट जरा वेगळी. त्याला जोडी आपण लावून देऊन चालत नाही. पाच-सहा पिल्लं एकत्र वाढवायची आणि ती आपापली जोडी ठरवतील तोवर थांबायचं. ठरलेली जोडी एका कोपऱ्याची मालकी घेते, उभी ठेवलेली पाटी किंवा रुंद पान तोंडानं घासून लख्ख करते. मग मादी खालून वर ओळीनं अंडी लावत जाते आणि नर तिच्या मागोमाग त्याच ओळीवरून फिरतो. दोघं आळीपाळीनं परांनी वारा घालतात, पांढरी पडलेली अंडी उचलून टाकतात. आणि मग पुष्कळदा तिसऱ्या रात्री सगळी अंडी गायब होतात. टाकीजवळून कुणी जोरात गेलं, दिवा एकदम लागला, एवढंही पुरतं. म्हणून बहुतेक जण पाटीच उचलून वेगळ्या टाकीत नेतात, बुरशी रोखणाऱ्या मिथिलीन ब्लूचे थेंब टाकतात आणि एअरस्टोनला आईबापांचं काम देतात. याचा एक परिणाम मात्र होतो. पिढ्यान्‌पिढ्या पाटी उचलून वाढवलेल्या एंजलमध्ये पिल्लं सांभाळणारे आईबाप दुर्मीळ होत चालले आहेत, अशी खंत जुने लोक बोलून दाखवतात. मला ती रास्त वाटते. एखाद्या जोडीला चार वेळा अंडी खाऊ द्यावीत, पाचव्या वेळी ती सांभाळते. एवढा धीर धरणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि आईबापांच्या मागे ढगासारखी हलणारी एंजलची पिल्लंही पाहिली आहेत.

अंडी फुटली म्हणजे काम झालं असं नवख्याला वाटतं. खरी कसोटी तिथून लागते. पिल्लाच्या पोटाला बलकाची पिशवी असते, ती दोन-चार दिवस पुरते. ती संपली की त्याच दिवशी त्याला खायला मिळालं पाहिजे, आणि ते खाणं त्याच्या तोंडात मावलं पाहिजे. फायटरच्या, गुरामीच्या पिल्लाचं तोंड इतकं बारीक असतं की दुकानात मिळणारी पूड त्याच्यासाठी दगडधोंडे. म्हणून अंडी मिळण्याच्या आठवडाभर आधीच बरणीत जुन्या टाकीतलं पाणी आणि केळ्याच्या सालीचा तुकडा घालून उजेडात ठेवायचा. पाणी आधी दुधाळ होतं, वास मारतं, मग नितळतं. ते उजेडाकडे धरलं की धुळीसारखे कण स्वतः हलताना दिसतात. हे इन्फ्युसोरिया. काही थेंब दिवसातून अनेकदा.

त्यानंतर आर्टेमिया. खाऱ्या सरोवरांतला हा कोळंबीचा दूरचा भाऊबंद दुष्काळासाठी अशी अंडी घालतो की ती वर्षानुवर्षं कोरडी राहून पुन्हा जिवंत होतात. अमेरिकेतल्या ग्रेट सॉल्ट लेकची अंडी डबाबंद होऊन जगभर जातात. मुंबईच्या मिठागरांतही आर्टेमिया सापडल्याची नोंद १९५०च्या दशकातच झालेली आहे. उलट्या बाटलीत लिटरला साधारण पंचवीस ग्रॅम मीठ, खालून हवा, वरून दिवा. चोवीस ते छत्तीस तासांत पाणी केशरी होतं. हवा बंद केली की रिकामी टरफलं वर तरंगतात आणि जिवंत पिल्लं उजेडाकडे जमतात. ती नळीनं ओढून, बारीक कापडावर गोड्या पाण्यानं धुऊन माशांच्या पिल्लांना द्यायची. दहा मिनिटांत त्यांची पारदर्शक पोटं केशरी झालेली दिसतात. ते पाहिलं की रात्री सुखानं झोप लागते, असं कोथरूडला फायटर वाढवणाऱ्या एका शिक्षिकेनं मला सांगितलं. त्यांच्या घरी दिवाळीच्या फराळाच्या डब्यांशेजारी आर्टेमियाची बाटली बुडबुडत होती. सुट्टीत गावाला जायचं तर मासे कुणावरही सोपवता येतात, पिल्लं येत नाहीत, हेही त्यांनीच सांगितलं.

एका एंजलच्या विणीतून शेकडो पिल्लं निघू शकतात. ती ठेवायची कुठे? काही मित्रांना जातात, काही दुकानदार घेतो. कोलकात्याच्या गॅलिफ स्ट्रीटचा बाजार किंवा चेन्नईतल्या कोळत्तूरची घरोघरची केंद्रं यांच्यापुढे आपल्याकडचं घरगुती उत्पादन किरकोळ आहे. कुर्ल्याच्या बाजारात पिशव्यांत ऑक्सिजन भरून रबर आवळलेले मासे येतात, त्यांतले पुष्कळ बाहेरून आलेले. पण जास्त झालेली पिल्लं ओढ्यात, तळ्यात, धरणात सोडून देणं हा पर्याय असूच शकत नाही. काच साफ करतो म्हणून आणलेला, मग फूटभर झाल्यावर कुणीतरी पाण्यात सोडलेला दक्षिण अमेरिकेतला सकर मासा आता उजनीच्या मच्छीमारांच्या जाळ्यांत येतो. त्याला गिऱ्हाईक नाही, आणि त्याच्या काटेरी अंगानं जाळी फाटतात. गप्पीसुद्धा बंद हौदात ठीक आहे. सह्याद्रीच्या वाहत्या ओढ्यात तो आपल्या लहान माशांचं अन्न आणि जागा घेतो.

चांगल्या हेतूनं सोडलेला मासाही घात करू शकतो. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात महसीरची कृत्रिम वीण गेली पन्नासहून अधिक वर्षं चालू आहे, आणि नद्यांतून खोल संकटात गेलेल्या निळ्या परांच्या महसीरला तिचा मोठा आधार मिळाला. पण तीच पिल्लं कावेरीतही सोडली गेली. ती नदी त्यांची नव्हती. तिथला स्वतःचा पाठीला उंचवटा असलेला प्रचंड महसीर आज नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आहे, आणि संशोधक त्याचं एक मोठं कारण या बाहेरून आलेल्या नातलगात पाहतात.

आपल्या डोंगरांतले मासे टाकीत जातात ते बहुतेक ओढ्यातून उचलून. केरळातला लाल-काळ्या पट्ट्यांचा डेनिसन बार्ब १८६५ साली फ्रान्सिस डे यांनी नोंदवला. १९९७ साली सिंगापूरच्या ॲक्वारामा प्रदर्शनात त्याला बक्षीस मिळालं आणि जगभरातून त्याची मागणी सुरू झाली. नद्यांत तो झपाट्यानं घटला, पकडण्यावर केरळ सरकारला निर्बंध आणावे लागले. २०१३ साली ज्या संशोधकांनी त्याला 'सह्याद्रिया' हे नवं कुलनाम दिलं त्यांत पुण्याचे नीलेश डहाणूकर होते. आग्नेय आशियातल्या केंद्रांत आता हा मासा संप्रेरकांच्या साहाय्यानं वाढवला जातो. घरच्या टाकीत त्यानं अंडी दिल्याच्या नोंदी मोजक्याच आहेत.

पण घरच्या टाकीनं मासा वाचल्याचं उदाहरण आहे, मेक्सिकोत. तेउचित्लान नदीतला टकीला मासा दोन इंचांहून थोडा मोठा. धरण, प्रदूषण आणि बाहेरचे मासे यांमुळे २००३पर्यंत तो नदीतून पूर्ण नाहीसा झाला. मात्र युरोपातल्या काही हौशी माणसांच्या टाक्यांत आणि इंग्लंडच्या चेस्टर प्राणिसंग्रहालयात तो तगून होता. १९९८ साली तिथून पाच जोड्या मेक्सिकोच्या मिचोआकान विद्यापीठात गेल्या. तिथल्या माणसांनी त्या वाढवल्या, मग पिल्लांना उघड्या तळ्यांत सोडून शत्रू, परजीवी, उष्मा-गारवा यांची सवय लावली, गावकऱ्यांना आणि शाळेतल्या मुलांना सोबत घेऊन नदी साफ केली, आणि शेवटी सुमारे दीड हजार मासे परत नदीत गेले. ते तिथे वाढत आहेत.

हे काम बाजारासाठी पिल्लं काढण्याहून वेगळं आहे. बाजार लांब शेपटी, पांढरं अंग, नवा रंग मागतो. इथे मासा आईबापांसारखाच निघायला हवा. वेगवेगळ्या नद्यांचे मासे एकत्र करायचे नाहीत, एकाच देखण्या जोडीची नव्हे तर अनेक जोड्यांची पिल्लं ठेवायची, आणि कुठल्या ओढ्यातून कुठल्या दिवशी किती मासे आणले ते लिहून ठेवायचं. ही लिहायची सवय आपल्याकडे होती. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाशी निगडित असलेले बी. एफ. छापगर यांनी एस. आर. साने यांच्यासोबत गोव्यातल्या एका छोट्या बार्बचं वर्णन १९९२ साली प्रसिद्ध केलं. पेथिया सेटनाई हा तो मासा. आज तो धोक्यातल्या माशांच्या यादीत आहे. आणखी एक, पेथिया सह्याद्रियेन्सिस, साताऱ्याकडच्या डोंगरांतला, १९५३ साली सायलस यांनी वर्णन केलेला. दोन्ही बोटभर लांबीचे, दोन्ही अंडी विखरून टाकणारे, म्हणजे गोट्यांच्या आणि लोकरीच्या झुबक्याच्या टाकीत वीण घेता येण्याजोगे.

काकांच्या मांडणीवर तिसऱ्या मजल्याची एक टाकी रिकामी होती. ती याच माशांसाठी ठेवलीय म्हणाले. ओढ्यातून मासे स्वतः उचलणार नाही, संशोधन करणाऱ्या मंडळींनी नोंदीसकट दिले तरच घेईन, हेही सांगितलं. त्याआधी त्यांना हवे आहेत आकडे: मे अखेरीस साताऱ्याकडच्या वेण्णा नदीच्या डोहात पाणी किती अंश असतं, पहिल्या पावसानंतर किती उतरतं, कठीणता किती घटते. त्यासाठी एक थर्मामीटर आणि कठीणता मोजायचा संच पुरतो, आणि दोन्ही माशांच्या दुकानात मिळतात. वेण्णेकाठच्या मेढ्याकडे राहणारं कुणी हे वाचत असेल तर येत्या जूनमध्ये त्यांनी मोजून कळवावं, असा त्यांचा निरोप आहे.